मान हलते तेव्हा नसेचं काय होतं : मॉडेलच्या नोंदी

८ जून

प्रदर्शनासाठीचा विषय पक्का झाला एकदाचा. मान खाली, वर, बाजूला केली की मणक्यातून निघणाऱ्या नसांवरचा ताण कसा बदलतो, हे हाताने हलवून बघता येईल असं मॉडेल करायचं. कॉलेजच्या मॅडम म्हणाल्या होत्या पोस्टर कर, लवकर होईल, पण पोस्टर हलत नाही ना, आणि इथे सगळा विषयच हलण्याचा आहे.

खरं कारण आई. आई सोलापुरात शाळेचे युनिफॉर्म शिवते, वीसेक वर्षं झाली. फेब्रुवारीपासून उजव्या बाजूला मानेतून कळ निघून दंडाच्या मागून थेट मधल्या बोटापर्यंत मुंग्या येतायत. एमआरआय झाला, सी-६ आणि सी-७, म्हणजे मानेच्या सहाव्या आणि सातव्या मणक्याच्या मधली चकती (गादी) उजवीकडे बाहेर आलीय आणि सी-७ ची नस दाबली जातेय. डॉक्टर म्हणाले ऑपरेशनची घाई नको, बहुतेकांचं त्याशिवायच बरं होतं. पण शेजारपाजारचे, नातेवाईक, भेटेल तो एकच सांगतो, मान खाली घालून शिवतेस म्हणून झालं, मान खाली घालूच नको. आता शिवणकाम करणाऱ्या बाईने मान खाली घालायची नाही म्हणजे काय करायचं. मलाही आत्तापर्यंत तेच खरं वाटत होतं, म्हणून आधी ते तपासून बघायचंय.

११ जून

सामान जमवलं. शेजारच्या सुतारकाकांनी सागाच्या उरलेल्या दांड्याचे सात गोल तुकडे कापून दिले, मानेचे सात मणके. मधल्या चकत्या हवाई चपलेच्या तळव्यातून कापल्या, ते रबर दाबलं जातं आणि परत फुगतं, चकतीसाठी एकदम बरोबर. मज्जारज्जूसाठी आईच्या पिशवीतलं जाड इलॅस्टिक, नसांसाठी मास्कचं बारीक गोल इलॅस्टिक. ताण मोजायला ताणकाटा पाहिजे होता, मामा झेडपीच्या शाळेत विज्ञान शिकवतात, त्यांनी प्रयोगशाळेतला दिला. जपून वापर आणि परत दे, एवढंच म्हणाले.

एक गोष्ट लिहून ठेवते कारण सगळे विचारतात. मणके सात पण मानेतल्या नसांच्या जोड्या आठ. पहिली नस पहिल्या मणक्याच्या वरून निघते, असं करत सातवी सातव्याच्या वरून, आणि आठवी सातव्याच्या खालून. म्हणून सी-६ आणि सी-७ च्या मधली चकती सरकली तर सापडते ती सी-७ ची नस. पूर्ण पाठीत अशा ३१ जोड्या.

१४ जून

पहिलं मॉडेल चाललं नाही. सातही तुकड्यांना बरोबर मध्यावर भोक पाडून त्यातून जाड इलॅस्टिक ओवलं, वरचं टोक डोक्याच्या तुकड्याला पक्कं केलं, खालचं ताणकाट्याला. सरळ असताना काटा २०० ग्रॅमवर ठेवला. मान खाली वाकवली तर २१०. वर केली तरी २१० च्या आसपास. काहीच फरक नाही. पुस्तकात तर लिहिलंय की मान खाली घातली की मज्जारज्जू ताणला जातो. रात्री उशिरापर्यंत गाठी परत परत बांधून बघितल्या, इलॅस्टिक बदललं, तरी तेच.

१५ जून

सापडलं! सकाळी चहा पिताना आई पट्टीवर कापड दुमडत होती, कॉलरचं कापड. कॉलर वळवली की बाहेरचा थर कमी पडतो आणि आतला जास्त होतो, म्हणून वरचा थर थोडा मोठा कापायचा असतो, हे ती मला लहानपणापासून सांगते. मणक्याचंही हेच आहे. मान वाकते तेव्हा वाकण्याचा आस असतो मणक्याच्या पुढच्या जाड भागात, आणि मज्जारज्जूची नळी असते त्याच्या मागे. वाकण्याच्या आसापासून मागे असलेली प्रत्येक गोष्ट मान खाली घातली की लांब होणार आणि मान वर केली की आखूड होणार. मी रज्जू बरोबर आसावरच ओवला होता, मग तो लांब होणार कसा.

लगेच प्रत्येक तुकड्याच्या मागे अडीच सेंटिमीटरवर हुक लावले, पडद्याच्या तारेचे असतात तसले, आणि त्यातून आधी न ताणणारा गवंड्याचा दोरा ओवून नुसती लांबी मोजली. पूर्ण वरपासून पूर्ण खालपर्यंत साधारण ९० अंश. हिशोबाने अडीच गुणिले १.५७ (९० अंश रेडियनमध्ये) म्हणजे ३.९ सेंटिमीटर यायला पाहिजे, माझे आले ३.६. रबर दाबलं जातं म्हणून थोडं कमी. मग दोरा काढून इलॅस्टिक ओवलं. मान वर ८०, सरळ २००, खाली ४२० ग्रॅम. मी एकटीच ओरडले घरात.

खऱ्या शरीरात माझं अडीच सेंटिमीटर जसंच्या तसं नसतं, पण तत्त्व हेच. पाठीच्या कण्याची पूर्ण नळी पूर्ण मागे वाकण्यापासून पूर्ण पुढे वाकेपर्यंत ५ ते ९ सेंटिमीटर लांब होते असं शवांवरच्या मोजमापातून आलंय. स्वीडनचे न्यूरोसर्जन आल्फ ब्रेग यांनी १९६० साली हे काम छापलं, त्यांनी शवांमध्ये नळी मागून उघडून मान हलवून बघितलं आणि मान वाकवल्यावर ओढ नुसती मानेत राहत नाही, कमरेच्या नसांच्या मुळांपर्यंत पोचते हे दाखवलं. मान वर असताना मज्जारज्जू हार्मोनियमच्या भात्यासारखा घड्या पडून बसतो, खाली आणली की आधी घड्या उलगडतात आणि मग खरा ताण येतो. म्हणून सुरुवातीची मान वाकवणं फुकटात जातं, शेवटच्या टप्प्यात ओढ जाणवते. माझ्या इलॅस्टिकला घड्या नाहीत, त्यामुळे ते पहिल्या अंशापासून ताणतं. हा मॉडेलचा कमीपणा आहे, मॉडेलसोबतच्या माहितीच्या कार्डावर तसं लिहायचं.

१९ जून

आज नसांची मुळं जोडली, दोन्ही बाजूंनी. कॉलेज, ओपीडी, लाईट गेलेली, फार काही झालं नाही.

२१ जून

आज मात्र जे झालं त्यामुळे प्रोजेक्टची दिशाच बदलली.

नस मणक्यातून बाहेर पडते ती दोन मणक्यांच्या मधल्या छोट्या खिडकीतून, फोरामेन म्हणतात. ती खिडकी मी मॉडेलमध्ये केलीच नव्हती, नुसते धागे बाहेर काढले होते. मॅडम म्हणाल्या खिडकीशिवाय अर्धीच गोष्ट सांगतेयस. म्हणून दोन्ही बाजूंना लाकडाच्या खाचा बसवल्या, वरच्या मणक्याची खाच आणि खालच्याची खाच मिळून एक भोक. मोजायला बॉलपेनची रिफिल. मान खाली घातली, रिफिल सहज आरपार. सरळ, जाते पण घासून. मान वर केली, अडकली. मान वर करून त्याच बाजूला झुकवली तर शिरायलाच तयार नाही.

म्हणजे मान खाली घातली की नस ताणली जाते पण तिची खिडकी मोठी होते. मान वर केली की नस सैल पडते पण खिडकी लहान होते. दोन्ही गोष्टी उलट्या चालतात! १९९२ साली शवांवर मोजलेलं आहे हे, ३० अंश मान मागे केली तर खिडकीचा व्यास साधारण १३ टक्क्यांनी कमी होतो आणि ३० अंश पुढे केली तर १० टक्क्यांनी वाढतो. बाजूला झुकण्याचंही तसंच, डावीकडे झुकलं तर उजवी नस ताणली जाते आणि डावी खिडकी आवळते.

तर मग "मान खाली घालू नका" हा सगळ्यांना एकच सल्ला कसा काय चालेल? ज्याची नस खिडकीत दाबली जातेय त्याला मान वर करणं त्रासाचं, ज्याची नस चिडलेली आहे आणि ओढ सहन होत नाही त्याला मान खाली आणि उलट बाजूला करणं त्रासाचं. कोणाचं काय आहे ते बघितल्याशिवाय कसं सांगायचं.

२२ जून

आईला दिवसभर नुसतं बघितलं, काही न सांगता. मशीनवर पाऊण तास मान खाली, काही नाही. कपडे वाळत घालायला वर बघितलं, लगेच उजवा खांदा आवळला. माळ्यावरचा पापडाचा डबा काढताना तर हात झटकला, मुंग्या थेट मधल्या बोटात. दुपारी तास-सव्वा तास सलग शिवल्यावर मात्र मान आणि खांदा दोन्ही दुखायला लागले, म्हणजे शिवणकाम अगदी निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही, एकाच जागी एवढा वेळ अवघडून बसलं की नसेचा रक्तपुरवठाही आवळतो. पण हातातली कळ निघते ती वर बघताना.

अजून एक. आई हल्ली उजवा हात डोक्यावर ठेवून झोपते. आजीचं मागे लागणं चालू असतं, डोक्यावर हात ठेवू नये, अशुभ असतं, घरावर काही येतं. आई म्हणते अहो आत्या, असं ठेवलं की लई बरं वाटतंय. आणि हे आमच्या पुस्तकात आहे! हात डोक्यावर ठेवला की खांद्याकडून नसेवर येणारी ओढ कमी होते, मूळ सैल पडतं, आणि मानेच्या नसेचं दुखणं असलेल्या बऱ्याच लोकांना आराम मिळतो. तपासणीतली एक खूणच आहे ती. आईने कुठलं पुस्तक न वाचता शोधून काढली. आजीला मॉडेलवर नसेचं बाहेरचं टोक वर उचलून दाखवलं, सी-७ चा लाल धागा सैल पडताना बघितला तिने, आणि म्हणाली झोपताना ठेव, पण दारात बसून ठेवू नको. ठीक आहे, एवढं चालेल.

३ जुलै

वारीत सेवेला गेलो होतो, पंढरपूरच्या थोडं अलीकडे. पाय चोळणं, पट्ट्या बांधणं, हेच जास्त. डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या एका मावशींना विचारलं मान दुखत नाही का, म्हणाल्या सरळ ठेवली की भार वाटत नाही, वाकली की संपलं. बरोबर आहे, सरळ मानेवर वजन मणक्यांमधून खाली जातं, चकत्या दाबल्या जातात पण नस ताणली जात नाही.

पण आज लिहायचंय ते एका आजोबांबद्दल. सत्तरीचे असतील. म्हणाले मान खाली घातली की पाठीतून पायापर्यंत करंट जातो, आणि महिनाभर झालं हातातून टाळ सुटतो. चालताना पाय अडखळत होते, ते म्हणाले थकव्याने. मला पहिल्यांदा वाटलं दाखवावं त्यांना मान कशी हलवायची. आमच्या सिनियरने माझा हात धरून थांबवलं. मान वाकवल्यावर पाठीतून विजेसारखा झटका येणं ही लेर्मिटची खूण, झां लेर्मिट यांनी १९२० च्या दशकात तिच्यावर लिहिलं म्हणून त्यांचं नाव. ती एका नसेची नाही, मज्जारज्जूची तक्रार असू शकते. त्यात हाताची पकड आणि चालणं बिघडलंय म्हणजे व्यायाम नाही, मालिश नाही, थेट तज्ज्ञ. मुलगा बरोबर होता, त्याला लिहून दिलं, गाडीची सोय केली. आजोबांचं म्हणणं होतं आधी विठ्ठल मग डॉक्टर, मुलाने समजावलं.

मॉडेलच्या कार्डावर हे मोठ्या अक्षरात येणार. दोन्ही हातांत बधिरपणा, बटण लावता न येणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा जाणं, मान वाकवल्यावर झटका, यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टर.

९ जुलै

होस्टेलवर रूममेट्सवर प्रयोग. खुर्चीत पाठ गोल करून बसायचं, हनुवटी छातीला, मग एक गुडघा हळूहळू सरळ करायचा. मांडीच्या मागे ओढ लागेल तिथे थांबायचं. पाय अजिबात हलवायचा नाही, फक्त मान वर उचलायची. ओढ कमी होते! बहुतेक सगळ्यांची झाली, आणि सगळ्याजणी दचकल्या, कारण मांडीचा स्नायू मानेला कुठे जोडलेला आहे. नसतोच. जोडलेलं असतं ते मेंदूपासून शेपटीच्या हाडापर्यंत गेलेलं एकच सलग आवरण, आणि त्याच्या आतला रज्जू आणि मुळं. रज्जू स्वतः कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो पण मुळं पुढे जातात पायापर्यंत.

हीच स्लम्प टेस्ट, ऑस्ट्रेलियातल्या जेफ्री मेटलंड यांनी १९७९ साली मांडलेली. पण निरोगी माणसालाही ओढ लागतेच त्यात, म्हणून ओढ लागली म्हणजे आजार असं नाही. आपलं नेहमीचं दुखणं तिथे उठतं का आणि मान हलवल्यावर बदलतं का, हे बघायचं. एक मैत्रीण लगेच घाबरली होती मला स्लिप डिस्क आहे म्हणून, तिला हेच सांगत बसले अर्धा तास.

एकीने तो मोबाईलवाला आकडा काढला, मोबाईल बघायला मान ६० अंश वाकवली की २७ किलो भार. तो २०१४ सालचा, कॉम्प्युटरवरच्या मॉडेलवर काढलेला हिशोब आहे, मानेच्या कण्यावर किती भार येतो त्याचा. नसेवरच्या ताणाचा नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एक करून लोकांना घाबरवणं मला पटत नाही.

१६ जुलै

मॉडेलला हात जोडला. सी-७ चं लाल इलॅस्टिक लांब करून खांदा, कोपर, मनगट अशा तीन दोऱ्याच्या रिकाम्या रिळांवरून नेलं आणि टोक ताणकाट्याला. दंडाच्या जागी इलॅस्टिकवर पेनने काळी खूण केली.

पहिला प्रकार. कोपर सरळ करत जायचं आणि त्याच वेळी मान उलट बाजूला, डावीकडे. दोन्हीकडून ओढ. काटा सर्रकन वर, काळी खूण जागची जेमतेम हलते.
दुसरा प्रकार. कोपर सरळ करत जायचं आणि मान त्याच बाजूला, उजवीकडे. एका टोकाने ओढ, दुसऱ्या टोकाने सैल. काटा जवळपास जागेवर, आणि काळी खूण मस्त सरकत जाते.

हे बघताना फार बरं वाटलं, कारण वाचून कळलं होतं पण डोळ्यांना दिसलं नव्हतं. कॉपिटर्स आणि सहकाऱ्यांनी २००९ साली जिवंत, निरोगी माणसांच्या दंडात सोनोग्राफीने हेच मोजलं होतं, सरकवण्याच्या प्रकारात मीडियन नस (दंडातून पंजापर्यंत जाणारी एक मुख्य नस) साधारण १० मिलिमीटर सरकली आणि ताणण्याच्या प्रकारात २ सुद्धा नाही. नस म्हणजे नुसती ताणायची दोरी नाही, ती म्यानात सरकणारी वस्तू आहे.

आणि ताणण्याला मर्यादा आहे. लुंडबोर्ग आणि रिडेविक यांनी १९७३ साली सशाच्या पायातल्या नसेवर बघितलं, मूळ लांबीच्या ८ टक्के ताणली की आतल्या बारीक शिरांमधलं रक्त अडखळायला लागतं आणि १५ टक्क्यांना रक्तपुरवठा पूर्ण थांबतो. सुजलेली नस तर याहून लवकर कुरकुरणार असं मला वाटतं.

१९ जुलै

हे लिहिताना अजूनही राग येतो. एप्रिलमध्ये, मी परीक्षेत अडकलेले असताना, एका ठिकाणी आईला व्यायाम दिला होता, हात भिंतीला लावून मान डावीकडे जोरात खेचायची, तीस आकडे धरायचं, दहा वेळा. कळ आली तरी थांबायचं नाही, नस मोकळी होतेय असं सांगितलं. म्हणजे बरोबर पहिला प्रकार, तोही चिडलेल्या नसेवर. आई दोन रात्री बसून होती. ती व्यायामाला घाबरते ती तेव्हापासून आणि मी तिला आळशी म्हणाले होते.

आज मॅडमनी स्वतः आईला तपासलं. मान उजवीकडे वळवणं कमी, मान वर करून उजवीकडे झुकवल्यावर हातात कळ, डोकं हलकेच वर ओढून धरलं की आराम. व्यायाम दिला तो सरकवण्याचा. हात बाजूला सोसेल तेवढा, कोपर सरळ होताना मान उजवीकडे, कोपर दुमडताना मान मध्ये. दहा वेळा, कुठेही धरून ठेवायचं नाही, मुंग्या वाढल्या तर आणखी कमी. आई म्हणाली, "एवढंच? दुखलं तर काहीच नाही." मॅडम म्हणाल्या, "दुखायला नकोच आहे, ताई."

घरी पापडाचा डबा, मोठं पातेलं, रवा-मैदा सगळं माळ्यावरून खाली आणलं. कपड्यांची दोरी एक हात खाली घेतली. मशीनला अर्ध्या तासाने उठायचं, बॉबिन भरायला उभं राहायचं असं ठरलं.

२ ऑगस्ट

प्रदर्शन झालं. आई आली होती, बरोबर कारखान्यातल्या तिच्या दोन मैत्रिणी. मी दुसऱ्या कोणाला तरी समजावत होते, वळून बघते तर आई मॉडेलचं डोकं धरून उभी. "ही बघ, ही माझी. मान अशी वर केली की ही खिडकी बंद होती. आणि अशी खाली घातली की धागा ताणतोय पण खिडकी उघडती." दुसरीने विचारलं मग माझी कुठली, माझ्या करंगळीत मुंग्या येतात. आई म्हणाली, "तुझी वेगळी असंल, तुला तपासून घ्यावं लागंल, माझं बघून तू करू नको." यातला एकही शब्द मी कार्डावर लिहिलेला नव्हता.

मधल्या बोटाच्या मुंग्या आता रोज नाहीत, रात्रीची झोप लागते. वर बघितलं की अजून कळ येते, थोडी. सहा महिन्यांचं दुखणं आहे, वेळ लागणार. आणि यात व्यायामाचा किती वाटा, माळा रिकामा केल्याचा किती आणि नुसत्या दिवसांचा किती, ते मी वेगळं काढून सांगू शकत नाही.

१० ऑगस्ट

राहिलेली कामं. जाड इलॅस्टिक सैल पडलंय, सरळ असताना २०० च्या जागी १६० दाखवतं, बदलायचं आणि सगळी मापं परत घ्यायची. रज्जूला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या दातेरी पट्ट्या, एका बाजूला २१, त्या मॉडेलमध्ये नाहीतच, पुढच्या वेळी निदान मानेपुरत्या बसवायच्या, कारण त्यांच्यामुळे ओढ एका जागी न येता वाटली जाते. मान वळवणं अजून नीट दाखवता येत नाही, वरचे दोन मणके वेगळ्या घडणीचे लागतील, सुतारकाकांशी बोलायचं. करंगळीवाल्या मावशींना बुधवारी ओपीडीत बोलावलंय. मामांचा ताणकाटा सोमवारी शाळेत परत द्यायचा.